मागून येणारी जीप

अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा, आरसे धरून, ८ फुटांपेक्षा रुंद गाडी नेऊ देत नाहीत. आमचं मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल असं चाकांवरचं घर, ३० फुटांचं. साउथ डकोटात नीडल्स हायवेवर एक बोगदा आहे, तोही जेमतेम आठ फूट रुंद. म्हणजे जे बघायला एवढं घर घेऊन निघालो, नेमकं तेच घरातून बघता येत नाही. शिवाय एकदा कॅम्पग्राउंडवर गाडी समतळ केली, वीज, पाणी, सांडपाण्याचा पाइप जोडला, की कोथिंबीर संपली म्हणून ते सगळं बिऱ्हाड परत कोण हलवणार? म्हणून मागे जीप.

जीप जोडलेला पहिला फोटो पाठवला तेव्हा सांगलीहून भावाचा फोन आला. "ताई, टोचन लावलंय का? जीप बंद पडली?" पुण्याच्या नणंदेला वाटलं, नो पार्किंगमधून उचलली. दोघांनाही सांगून झालं की जीप ठणठणीत आहे, तिला मुद्दाम ओढत नेतोय. भावाला ते अजून पटलेलं नाही. चालणारी गाडी ओढायची कशाला, हा त्याचा प्रश्न, आणि डिझेलच्या दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाचा तो रास्तच आहे.

मी डेट्रॉइटजवळ ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करून निवृत्त झाले. त्यामुळे आमच्याकडे कामाची वाटणी सरळ आहे: मोटरहोम नवरा चालवतो, जीप जोडायची आणि सोडायची मी. मी जोडत असताना त्याने बोलायचं नाही, हवेबद्दलसुद्धा नाही. या नियमावरून आमची भांडणं झाली आहेत आणि नियम टिकला आहे. कारण मागची गाडी स्टिअरिंगवर बसलेल्याला जाणवत नाही. साडेचौदा हजार पौंडांच्या धुडाला मागे काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. हँडब्रेक ओढलेला राहिला, गिअर चुकला, टायर फाटला, तरी पुढे गाणी चालू असतात. म्हणून जे काही बघायचं ते निघायच्या आधी, खाली उतरून, एकाच माणसाने, एकाच क्रमाने.

गाडी मागे न्यायच्या पद्धती तीन. अख्खी गाडी ट्रेलरवर चढवायची; पुढची दोन चाकं डॉलीवर, म्हणजे दोन चाकांच्या छोट्या गाड्यावर, ठेवायची आणि मागची रस्त्यावर; किंवा चारही चाकं रस्त्यावर ठेवून टो बारने, म्हणजे दोन गाड्यांना जोडणाऱ्या दोन हातांच्या जोडसळईने, ओढायची. आम्ही तिसरी वापरतो. बैलगाडीच्या मागे दाव्याने बांधलेलं वासरू जसं आपल्या पायांनी चालत येतं, तशी जीप आपल्या चाकांवर येते. पण प्रत्येक गाडीला हे चालत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरताहेत, म्हणजे आतले गिअर कोरडे फिरताहेत. न्यूट्रलमध्ये टाकली म्हणजे झालं, हा समज गिअरबॉक्सच्या किमतीला पडतो. टेस्लाला तर चार चाकांवर ओढायचंच नाही, कारण तिची मोटर चाकांनाच जोडलेली असते. होंडाची सीआर-व्ही २०१४ पर्यंत अशी ओढता यायची, तीसुद्धा इंजिन चालू करून, सगळे गिअर फिरवून, न्यूट्रलमध्ये तीन मिनिटं चालवून मगच बंद करायची, असा सोपस्कार करून. २०१५ ला सीव्हीटी, म्हणजे ठराविक पायऱ्यांचे गिअर नसलेला गिअरबॉक्स, आला आणि होंडाने परवानगी काढून घेतली. तेव्हा शेजारी काय म्हणतो, यूट्यूबवाला काय म्हणतो ते सोडा आणि आपल्या गाडीच्या, आपल्याच वर्षाच्या, मॅन्युअलमधलं 'रिक्रिएशनल टोइंग'चं पान उघडा. तिथे नाही लिहिलं असेल तर नाही.

आमच्या जीपला, रँग्लरला, हे चालतं, कारण तिच्यात ट्रान्सफर केसला, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या भागाला, स्वतःचा न्यूट्रल असतो. तो टाकला की चाकं आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. आमची जुन्या घडणीची आहे, किल्लीची, हाताने ओढायच्या हँडब्रेकची आणि ट्रान्सफर केसच्या वेगळ्या दांड्याची. जोडायचा क्रम असा: सपाट जागेवर, इंजिन चालू, पाय ब्रेकवर, गिअर न्यूट्रलला, मग छोटा दांडा न्यूट्रलला. हा दांडा अडतो. हलकासा धक्का लागतो, खटकन बसतो आणि तरीही माझा त्याच्यावर विश्वास नसतो. म्हणून गिअर रिव्हर्सला टाकून ब्रेकवरचा पाय उचलायचा आणि पाच सेकंद थांबायचं. गाडी हलता कामा नये. मग ड्राइव्हला टाकून पुन्हा पाच सेकंद. दोन्ही वेळा ढिम्म राहिली, तर ट्रान्सफर केस खरंच न्यूट्रलमध्ये आहे. हे माझं डोकं नाही, कंपनीच्या पुस्तकातली पायरी आहे, आणि घाईत लोक सगळ्यात आधी तीच गाळतात. ती गाळून निघालं आणि दांडा अर्धवट बसलेला असला, की ताशी साठ मैलांच्या वेगात मागची चाकं गिअरबॉक्सशी कुस्ती खेळत येतात.

त्यानंतर हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं आणि गिअर 'पार्क'ला न्यायचा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, ती माणसाच्या जिवावर बेतू शकते. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असताना 'पार्क'चा काही उपयोग नसतो. गिअरचा दांडा 'पी'वर, म्हणजे पार्कवर, दिसतो, पण चाकं मोकळी असतात. हँडब्रेक नसेल तर जरा उतार मिळाला की गाडी चालू लागते, आणि त्या वेळी तुम्ही नेमके तिच्यात आणि मोटरहोममध्ये ओणवे असता. म्हणून टो बारचे दोन्ही हात जोडून, पिना घालून, पिनांना क्लिपा लावून होईपर्यंत हँडब्रेक ओढलेला. जोडून झाली की हँडब्रेक सोडायचा आणि किल्ली स्टिअरिंगचं कुलूप सुटेल अशा जागी ठेवायची, नाहीतर पुढची चाकं वळणार नाहीत, घासतील. सोडताना उलट: आधी हँडब्रेक, मग पिना. उलट म्हणजे अगदी उलट. आधी पिना काढून मग जीपमध्ये चढणारे लोक मी बघितलेत आणि तोंडात बोट घातलंय.

वजनाबद्दल. आमचं मोटरहोम फोर्ड ई-४५० च्या चासीवर आहे. मोटरहोमची स्वतःची मर्यादा १४,५०० पौंड आणि मोटरहोम अधिक मागची गाडी मिळून २२,००० पौंड. वजाबाकी केली तर साडेसात हजार उरतात आणि माणूस खूश होतो. पण आमच्या हिचवर, म्हणजे मोटरहोमच्या मागे टो बार अडकवतात त्या जोडावर, चिकटवलेला आकडा ५,००० चा आहे, आणि तोच खरा. कित्येक क्लास सी, म्हणजे आमच्यासारख्या व्हॅनच्या चासीवर बांधलेल्या, मोटरहोममध्ये बॉडी लांब करायला चासीला मागून तुकडा जोडलेला असतो आणि हिच त्या तुकड्यावर टांगलेला असतो. हिच, त्याच्यातला खाली उतरणारा तुकडा, टो बार, जीपच्या पुढच्या बंपरमागे बसवलेली बेसप्लेट, केबली, या सगळ्यांवर आपापला आकडा असतो. त्यातला सगळ्यात लहान आकडा तुमचा. चार दारांची रँग्लर साधारण ४,२०० ते ४,३०० पौंड भरते. त्यात सायकली आणि कूलर टाकायचा मोह होतो. टाकण्याआधी ट्रक स्टॉपवर कॅट स्केलच्या काट्यावर जा. पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल आणि जीप वेगवेगळ्या फळ्यांवर उभी करता येतात आणि तिघांचं वजन वेगळं छापून मिळतं. पाण्याची टाकी भरून जा. गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलन पाणी हेच तीनशे तीस पौंड झालं. तांदूळ आणि तूरडाळीचं मी सांगत नाही, ते प्रत्येकाने आपापल्या घरी मोजावं.

टो बार जमिनीला समांतर असावा. मोटरहोमचा हिच जीपच्या बाजूपेक्षा तीन-चार इंच वर असला तर चालतो, त्याहून जास्त नाही, आणि जीपची बाजू वर तर मुळीच नको. जोरात ब्रेक लावला की मागची गाडी बारवर चढायला बघते. फरक जास्त असेल तर खाली उतरणारा हिच मिळतो, तो घ्या. सेफ्टी केबली बारच्या खालून एकमेकींना छेद देऊन न्यायच्या, म्हणजे बार निसटलाच तर खाली रस्त्यात रुतण्याऐवजी त्या झोळीत पडतो.

आता ब्रेक. इथे माझा सूर चढतो, माफ करा.

लोक टो बारवर हजार-दीड हजार डॉलर आनंदाने घालतात, ब्लू ऑक्स बरा की रोडमास्टर यावर कॅम्पफायरशेजारी तास घालवतात, आणि जीपला वेगळे ब्रेक लावायची वेळ आली की म्हणतात, "मोटरहोमचे ब्रेक जबरदस्त आहेत, काही होत नाही." मोटरहोमचे ब्रेक मोटरहोमच्या वजनासाठी बनवलेत. साडेचौदा हजारांच्या मागे ४,३०० जोडले म्हणजे थांबवायचं वजन साधारण ३० टक्क्यांनी वाढलं आणि थांबवणारे ब्रेक तेवढेच राहिले. ६० ऐवजी ६५ ने गेलात तर ब्रेकना जिरवायची ऊर्जा १७ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्याही वर आहे, तिथून सहा-सात टक्क्यांचा उतार लागतो. सात टक्के उतारावर ही जीप सुमारे ३०० पौंडांच्या जोराने मोटरहोमला पुढे रेटत असते, मैलामागून मैल, तुम्ही ब्रेक लावा न लावा. सपाटीवर काही होत नाही हे खरं आहे. सपाटीवर काहीच होत नाही, म्हणून तर लोकांचा गैरसमज होतो.

कायदाही आहे. किती वजनाच्या वर मागच्या गाडीला स्वतःचे ब्रेक हवेत याचा आकडा राज्याराज्यात बदलतो. ३,००० पौंड हा बऱ्याच ठिकाणी सापडतो, आणि जीप तो कधीच ओलांडून बसलेली असते. कॅलिफोर्नियात मागे काही ओढत असाल तर वेगमर्यादा ५५, बाकीच्यांना ७० असली तरी.

ब्रेक दोन तऱ्हेचे मिळतात. एक पेटी, ड्रायव्हरच्या पायाशी सीटला टेकवून ठेवायची. तिचा हात ब्रेकच्या पेडलला चिमटतो आणि मोटरहोमचा वेग कमी झाला की तो पेडल दाबतो. दुसरा कायमचा बसवायचा, हवेवर किंवा व्हॅक्यूमवर चालणारा. आमच्याकडे पेटी आहे, कारण ती मला उघडून बघता येते. तिच्यात एक खुबी आहे. इंजिन बंद केल्यावरही ब्रेक बूस्टरमध्ये, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागात, थोडा व्हॅक्यूम शिल्लक असतो. पेटी बसवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून तो संपवायचा. पेडल दगडासारखं कडक झालं की मग पेटी बसवायची आणि तिचा जोर ठरवायचा. हे नाही केलं तर जोर मऊ पेडलवर ठरतो आणि रस्त्यात कडक पेडलवर अपुरा पडतो. काही हायब्रिड गाड्यांत इंजिन बंद असतानाही ब्रेकना मदत मिळत राहते. तिथे उलटी अडचण, ब्रेक गरजेपेक्षा जास्त लागतात. त्यांच्यासाठी पेटीत वेगळी सेटिंग असते, विकत घेतानाच विचारा.

लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. टो-हॉल, म्हणजे ओझं ओढताना खालचा गिअर धरून ठेवणारी सेटिंग, लावा, इंजिनाला गाडी आवरू द्या. वेग वाढला की एकदा ठामपणे ब्रेक लावून दहा मैलांनी खाली आणा आणि पाय पूर्ण उचला. पाय टेकवून ठेवला तर पेटीही पेडल टेकवून ठेवते, आणि जीपचे पॅड तापून वास येतो, जो तुम्हाला येत नाही, मागच्या ट्रकवाल्याला येतो. म्हणून डॅशवर एक दिवा हवा: जीपचा ब्रेक लागला की पेटतो. तो नको तेव्हा पेटलेला राहिला तर पहिल्या सुरक्षित जागी थांबायचं.

ब्रेकअवेची केबल वेगळी असते. जीप सुटलीच तर तिची पिन उपटते आणि जीपचे ब्रेक आपोआप लागतात. हिचं टोक मोटरहोमच्या हिचला, टो बारला नाही. बारच तुटून आला तर बारला बांधलेली केबल काय ओढणार? वळणावर ताण येणार नाही एवढी सैल, रस्त्यावर घासणार नाही एवढी आखूड. सहलीच्या सुरुवातीला मी पिन हाताने उपटून बघते. खटका ऐकू येतो, पेडल खाली जातं, पिन परत घालायची, झालं.

दिव्यांचं वायरिंग आम्ही एका दुकानातून करून घेतलं आणि पस्तावलो. मोटरहोमचा उजवा इंडिकेटर लावला की जीपच्या डॅशबोर्डवर जत्रा. मोटरहोमकडून येणारा करंट जीपच्या वायरिंगमध्ये उलटा शिरू नये म्हणून मध्ये डायोड घालतात, ते त्यांनी गाळले होते. दुकानदार म्हणाला, "दिवे लागतायत ना?" डायोड मीच बसवले. याशिवाय जीपची बॅटरी चार्ज होत राहील अशी एक वायर मोटरहोमकडून आणा. पेटी दिवसभर तिच्या बॅटरीवर चालते, आणि संध्याकाळी जीप सुरूच होत नाही अशी फजिती होते.

टायरला हवेचा दाब सांगणारे सेन्सर लावा, जीपच्या चारही चाकांना, आणि मागे कॅमेरा. आय-९० वर वायोमिंगमधल्या एका विश्रांतिस्थळी एक मोठं मोटरहोम येऊन थांबलं, मागे छोटी लाल गाडी. तिचं मागचं डावं चाक नुसत्या रिमवर होतं, रिमसुद्धा एका बाजूने चपटी झालेली, बंपरखालचं प्लास्टिक वितळून लोंबत होतं. गृहस्थ उतरले, कॉफीचा कप हातात, आणि लोक कुठे बघतायत म्हणून वळले. टायर कुठे फुटला ते त्यांना सांगता येईना. पेटली नाही हे नशीब, कारण असे टायर पेटतात.

आणि रिव्हर्स. चार चाकांवर ओढताना मागे घ्यायचं नाही. चार-पाच फूट सरळ गेली तर गेली; त्यापुढे जीपची पुढची चाकं आपल्या मर्जीने आडवी वळतात आणि बार वाकतो. म्हणून पेट्रोल पंपावर कडेची लेन, जिथून सरळ बाहेर पडता येईल. अनोळखी गावात दुकानाच्या आवारात शिरण्याआधी बाहेर जायचा रस्ता दिसायला हवा. अडकलात तर जीप सोडायची. पण अडकता ते हमखास वळणावर, बार ताणलेला, पिन निघत नाही. तेव्हा हातोडी नको. आधी हँडब्रेक नाही, आधी कोणालातरी जीपमध्ये बसवून तिचं स्टिअरिंग थोडं इकडेतिकडे फिरवायचं, ताण उतरतो. मग हँडब्रेक, मग पिन. "अहो, इंच पुढे घ्या, इंच म्हटलं" हे वाक्य मी वायोमिंगमधल्या कोडी शहरातल्या एका चर्चच्या आवारात एवढ्या मोठ्याने म्हटलं की आतून पाद्री बाहेर आले. मराठी असून त्यांना कळलं असावं.

जोडून झाली की मी दहा-वीस फूट पुढे घ्यायला सांगते, डावीउजवीकडे हलकं वळवून, आणि बाजूने चालत जीपची चारही चाकं फिरतायत का, पुढची वळतायत का ते बघते. एकही चाक घसटलं तर हात वर. मग दिवे: डावा, उजवा, ब्रेक. मग मी आत.

हे सगळं लिहायचं कारण मंडळाच्या ग्रुपवरचे एक काका. त्यांनी जुनं क्लास सी घेतलंय आणि मागे त्यांची २०१९ ची ऑल व्हील ड्राइव्ह सीआर-व्ही न्यायची आहे. काका, चार चाकांवर ती चालणार नाही. डॉलीवरही नाही, कारण मागची चाकंसुद्धा ड्राइव्हला जोडलेली आहेत. राहिला ट्रेलर: गाडी सुमारे ३,५०० पौंड, लोखंडी ट्रेलर २,००० च्या आसपास, झाले साडेपाच हजार, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत हिचवर ५,००० लिहिलंय. अॅल्युमिनियमचा ट्रेलर हलका असतो, पण मग हिशेब काठावर येतो आणि सीआर-व्हीत एक बॅगसुद्धा ठेवता येणार नाही. वर्षातून एखादी मोठी सहल करणार असाल तर जिथे मुक्काम तिथे गाडी भाड्याने घ्या, स्वस्त पडेल. दर महिन्याला निघणार असाल तर जुनी रँग्लर बघा, आणि घेण्याआधी ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलला टाकून रिव्हर्स आणि ड्राइव्ह दोन्हीत पाच-पाच सेकंद थांबून बघा. विकणारा कंटाळला तर कंटाळू द्या.